दुपारी दोनची रात्र

मुंबईची रात्र दुपारी दोन वाजता सुरू होते आणि पाच वाजून दहा मिनिटांनी संपते, असे आमच्यातले एक थोरले गृहस्थ परदेशी पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. ते स्वतः हसत नसत. पाहुण्याचे हसणे संपेपर्यंत ते मनगटावरच्या घड्याळाला किल्ली देत आणि मग पुढचे वाक्य उच्चारत, "तेव्हा रविवारी लवकर जेवून घ्या."

विधान चमत्कारिक होते, पण चूक नव्हते. हा काळ एकोणीसशे ऐंशीनंतरच्या चार-पाच वर्षांचा. पुरुषांवर जीव असणाऱ्या आमच्यासारख्या पुरुषांना उपनगरांत रात्र अशी नव्हतीच. दहाला दाराची कडी लागे. आई ताट झाकून बसलेली असे. दोन खोल्यांत सात माणसे झोपत, आणि आठवा कुठे होता याची चौकशी सातही जण करत. रविवारची दुपार मात्र कोणाच्याच मालकीची नसे. मटण किंवा मासे जेवून सगळे उपनगर दोनला आडवे होई आणि पाचच्या चहाला उठे. त्या तीन तासांत घरातला एक माणूस नाहीसा झाला तरी कोणाच्या ध्यानात येत नसे. ही गोष्ट आम्हा प्रत्येकाला ठाऊक होती. तिचे वेळापत्रक फक्त त्यांनी केले.

वेळापत्रके करणे हा त्यांचा पोटापाण्याचाच उद्योग होता. बसगाड्यांच्या फेऱ्या आखणाऱ्या कचेरीत ते पंचवीस वर्षे होते. अंधेरी पूर्वेला एकटे राहत. अंगाने हाडकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेने, आणि डिसेंबरातही हातात छत्री. त्यांचे नाव मी लिहीत नाही. लिहिले असते तरी आमच्यापैकी फार थोड्यांनी ते ओळखले असते, कारण नावे वापरायची नाहीत हा त्यांचा पहिला नियम होता. जो तो आपल्या उपनगराच्या नावाने ओळखला जाई. मी घाटकोपर. एक बोरिवली होता, एक चेंबूर होता. मुलुंडहून दोघे येत, ते मुलुंड पूर्व आणि मुलुंड पश्चिम. पुढे मुलुंड पश्चिम भांडुपला राहायला गेला, तेव्हा त्याने रीतसर लेखी अर्ज करून नाव बदलून घेतले आणि उरलेला नुसता मुलुंड झाला. सगळ्या गाड्या अखेर जिथे परततात, म्हणून त्यांना आम्ही डेपो म्हणू लागलो. आधी पाठीमागे, मग तोंडावर. त्यांनी तेही नाव आपल्या वहीत नोंदवून घेतले.

माझी त्यांची ओळख एका तक्रारीतून झाली. मी घाटकोपरच्या एका शाळेत गणित शिकवीत असे. शाळेकडे जाणारी बस आठवड्यातून तीनदा उशिरा येई. मी तारीखवार तक्ता जोडून तीन पानी पत्र पाठवले. उत्तराऐवजी एका शनिवारी ते स्वतःच शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत बसून त्यांनी माझा तक्ता तपासला, त्यातली एक चूक दाखवली, बाकीची तक्रार मान्य केली, आणि उठताना विचारले, "रविवारी दुपारी आपण काय करता?"

"वह्या तपासतो."

"जो माणूस चुकलेल्या बसवर तीन पानं लिहितो," ते म्हणाले, "त्याची घरी कोणी वाट बघत नसतं."

बाकीचे त्यांनी माझ्याकडे पाहून ओळखले असावे. कशावरून, ते मी कधी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

परदेशी पाहुण्यांचा मार्ग निराळा होता. आमच्यासारख्या प्रवाशांसाठी तिकडे एक छोटी मार्गदर्शक पुस्तिका निघे. तिच्यात लंडन, पॅरिस यांना पानेच्या पाने होती. मुंबईला एक ओळ होती आणि त्या ओळीत पोस्टाच्या पेटीचा एक क्रमांक. ती पेटी डेपोंची. येणाऱ्या प्रत्येक पत्राला ते टंकलिखित उत्तर पाठवीत, त्याची कार्बन प्रत ठेवीत, आणि सोबत 'अभ्यागतांसाठी सूचना' या शीर्षकाचा एक कागद जोडीत. तो मला जवळपास पाठ आहे. अत्तर लावून येऊ नये. कोणाला मिठी मारावीशी वाटल्यास पाणी मागावे. कोणी विचारल्यास आपण पक्षी पाहण्यास आला आहात, असे सांगू नये, कारण पुढे पक्ष्यांची नावे विचारली जातात. रात्रीच्या क्लबांविषयी चौकशी करू नये. ते नाहीत.

मेलबर्नहून आलेल्या एकाने तरीही चौकशी केली. चार दिवस तो विचारतच राहिला की खरी मजा कुठे असते. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजता डेपोंनी त्याला अंधेरीहून बसमध्ये घातले, आरे कॉलनीत नेले, आणि दुधाच्या केंद्रावर एका बाकावर बसवून थंडगार वेलचीचे दूध पाजले. मेलबर्नने बाटली संपवली. "आणि आता?" त्याने विचारले.

"आता दुसरी," डेपो म्हणाले.

त्या गृहस्थाने पुढे सहा वर्षे दर नाताळाला त्यांना कार्ड पाठवले. त्यावर दुधाच्या बाटलीचे चित्र काढलेले असे.

दोनची रात्र आधी त्यांच्या अंधेरीच्या खोलीत भरे. शेजाऱ्यांनी पाहुणे मोजायला सुरुवात केली, तेव्हा ती बंद पडली. मग आरेच्या झाडीत भरली. तिथे एका दुपारी नाच ऐन रंगात असताना साठ-सत्तर म्हशी आमच्यामधून सावकाश निघून गेल्या आणि त्यांच्यामागून काठी घेतलेला राखणदार आला. त्याने काहीच विचारले नाही. नुसता पाहत उभा राहिला. डेपोंनी ती जागाही वहीतून खोडली. तिसरी जागा मनोरीची. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीने खाडी ओलांडायची, आणि पुढे सतरा मिनिटे चालायचे. नारळीच्या बागेत एका ख्रिस्ती म्हातारीचे घर होते आणि त्याच्या मागे तिचे दुसरे लहान घर, सुट्टीला येणाऱ्यांना भाड्याने द्यायचे. ते घर हातचे गेले असते तर चौथी जागा नव्हती. डेपोंची सर्व उपनगरे पाहून झाली होती. हे ते दर महिन्याला एकदा आम्हांला ऐकवीत, म्हणजे कोणी हलगर्जीपणा करू नये.

मनोरीला जाण्याची शिस्त कडक होती. एका होडीत दोनच जण बसत. दोन जोड्यांत बारा मिनिटांचे अंतर असे. घरात शिरल्यावर खिडक्यांना घोंगड्या लावून आत काळोख करायचा, हे काम माझ्याकडे होते. खिळे, दोरी आणि चार घोंगड्या. मग एक लाल दिवा लागे, टेपरेकॉर्डर सुरू होई, आणि भर दोन वाजता लोक एकमेकांशी रात्रीचे कौतुक करू लागत. "काय झकास रात्र पडलीय रे!" असे मुलुंड दर वेळी म्हणे. पाच वाजून दहा मिनिटांनी डेपो टाळी वाजवीत. दार उघडले की डोळ्यांत ऊन जाई आणि अठरा माणसे भुवयांवर हात धरून अंगणात उभी राहत.

मी नाचत नसे. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत असे. चेंबूर मला तिथे येऊन छेडी. तो तारायंत्राच्या खात्यात होता. घर चेंबूरच्या वसाहतीत, वडील नगरकडून आलेले. तो फार हसत असे, आणि कारण नसताना हसणे मला तेव्हा आवडत नसे.

"ओ घाटकोपर, एवढ्या अंधारात तुमचा चेहरा कुणाला दिसतोय? मग तो असा का धरलाय?"

"सवय आहे," मी म्हणे.

"मोडा की यार ती!" असे म्हणून तो परत नाचायला जाई.

घराच्या मालकिणीला आम्ही मावशी म्हणत असू. सत्तरीची, लुगडे नेसणारी, ठेंगणी बाई. नवरा जहाजावर होता, तो कधीच वारलेला. पहिल्या दिवशी तिने डेपोंना विचारले होते, "तुमी लोक कोण?"

या प्रश्नाला उत्तर देण्याची त्यांची एक पद्धत होती. खोटे बोलायचे नाही. फक्त शेवटच्या थांब्याच्या थोडे आधी उतरायचे. ते म्हणाले, "आम्ही एकटी माणसं. रविवारी जमतो, गाणी ऐकतो."

इथे त्यांचा हिशेब चुकला. 'एकटी माणसे' हे उत्तर दुसऱ्या कोणाला पुरले असते. मावशीला ते आव्हान वाटले. गावातली निम्मी लग्ने तिने जमवलेली होती. अठरा धडधाकट, नोकरदार, स्वच्छ कपड्यांतले पुरुष दर रविवारी आपल्या परसात येऊन नुसती गाणी ऐकतात, हे तिला पाहवेना. पहिल्या वर्षी तिने आमची वये विचारली. दुसऱ्या वर्षी पगार विचारले. आमच्यासाठी ती चर्चमध्ये मेणबत्त्याही लावीत असे, हे आम्हांला नंतर कळले. तिच्याकडून दर वेळी तळलेल्या गोल पावांची परडी येई, त्यांना तिथे फुगे म्हणतात. ते देताना ती प्रत्येकाच्या तोंडाकडे कीव आल्यासारखी पाही.

आमच्यातल्या चौघांची लग्ने झालेली होती. मुलुंडला तर दोन मुले होती. ही माहिती डेपोंनी मावशीला दिली नव्हती. तो थांबा पुष्कळ पुढचा होता.

एका डिसेंबरात रॉटरडॅम आला. उंच, पूर्ण टक्कल, धंद्याने पोस्टमन. त्या रविवारी टेपवर एक संथ गाणे चालू असताना त्याने सहज सांगितले की त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात आपल्यासारखे लोक भर रस्त्यातून एकत्र चालत जातात. दिवसा.

"मोर्चा?" मुलुंडने विचारले. तो कारखान्यात युनियनचे काम करी. "मागण्या काय असतात?"

रॉटरडॅमने पुष्कळ विचार केला. "आम्ही आहोत, एवढंच."

"ही मागणी नव्हे," मी म्हणालो. "ही हजेरी झाली."

"बरं, निवेदन कुणाला देतात?" मुलुंडने विचारले.

"कुणालाच नाही. चालायचं. लोक बघतात."

"लोक बघतात?" बोरिवलीने विचारले. "आणि घरचे?"

"माझी आई पदपथावर उभी असते. येणाऱ्याजाणाऱ्याला सँडविच वाटते."

 टेपची एक बाजू संपली होती. ती उलटवायचे कोणाला सुचले नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी डेपोंनी टाळी वाजवली नाही. हे त्या तीन वर्षांत प्रथमच घडले. पाच वाजून चौदा मिनिटांनी ते उभे राहिले आणि म्हणाले, "पुढच्या रविवारी अंतर रद्द. सगळ्यांनी मार्व्याला एक वाजून वीस. एकाच होडीने. धक्क्यापासून घरापर्यंत दोघादोघांच्या रांगेने. सतरा मिनिटं."

"वाट लागेल, डेपो," मुलुंड म्हणाला. "गाव बघेल ना! कोणी विचारलं कुठे चाललात, तर?"

"घरी चाललोय, असं सांगायचं. चाललोच आहोत."

"आणि म्हातारीने हाकललं तर? जायचं कुठे मग? परत म्हशींत?"

त्याचे म्हणणे बरोबर होते. मीही होडीत बसून लेखी हरकत तयार केली आणि मार्व्याला उतरल्यावर त्यांच्या हातात दिली. सतरा मिनिटांच्या चालण्यासाठी आपण एकमेव जागा पणाला लावीत आहोत, असा तिचा आशय होता. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली.

"हरकत योग्य आहे," ते म्हणाले. "तुम्ही दुसऱ्या रांगेत चाला."

त्याच दिवशी निघताना मावशी त्यांना म्हणाली होती, "पुढच्या आयतवारी सगळे एकदम या. नीट कापडं घालून या. दर टायमाला दोन-दोन कशाला येता, चोरासारखे?" बसच्या तिकिटावरचा शाईचा डागही तपासणाऱ्या या माणसाने 'का' म्हणून विचारले नाही. त्यांना वाटले, म्हातारीलाही आपले चालणे मान्य आहे. ते म्हणाले, "एकदमच येणार आहोत, मावशी." ती समाधानाने आत गेली.

पुढच्या रविवारी आम्ही अठरा जण आणि रॉटरडॅम मनोरीच्या धक्क्यावर उतरलो. सर्वांनी इस्त्रीचे सदरे घातले होते. बोरिवलीने टाय लावला होता. डेपो सर्वांपुढे, त्यांच्या हातात मिटलेली छत्री. झेंडा नाही, फलक नाही, घोषणा नाहीत. पहिली तीन मिनिटे नुसते पायांचे आवाज येत होते. मी माझ्यापुढच्या माणसाच्या टाचांवर नजर ठेवून चाललो होतो. जाळी विणणारा एक म्हातारा मान वर करून म्हणाला, "वऱ्हाड कुठचं?"  माझ्या शेजारून चेंबूरने उत्तर दिले.

"आमचंच, काका!"

रांगेत हसू फुटले. मुलुंडही हसला. नंतर चाल सुटी झाली. कोणी गुणगुणू लागले, आणि मी मान वर केली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उंबऱ्यांत येऊन उभे होते. ते पाहत होते. त्याने काहीही झाले नाही. आम्ही होतो, ते पाहत होते, आणि डोक्यावर दोनचे ऊन होते. एवढ्या वर्षांत भर दिवसा एकमेकांचे चेहरे आम्ही इतका वेळ कधीच पाहिले नव्हते. चेंबूरच्या भुवईवर व्रण आहे, हे मला त्या दिवशी कळले.

मावशीच्या अंगणात बाके मांडलेली होती. एका बाजूच्या बाकांवर पाच तरुण मुली बसल्या होत्या, ठेवणीतल्या झग्यांत, केसांत फुले माळून. त्यांच्यामागे त्यांच्या आया. बाजूला एक काका व्हायोलिन जुळवीत होते. समोरची बाके रिकामी होती. ती आमच्यासाठी होती.

मावशी पुढे आली. "बघा," ती मुलींच्या आयांना म्हणाली, "मी सांगितलं नव्हतं, सगळे येतील?"

रॉटरडॅमला वाटले की गावाने मिरवणुकीचे स्वागत केले आहे. तो भारावून गेला. त्याने पाचही मुलींशी हस्तांदोलन केले आणि त्यांच्या धैर्याबद्दल त्यांचे आभार मानले. आयांना हा गोरा जावई म्हणून पसंत पडल्याचे दिसले.

आम्ही बाकांवर बसलो. दुसरे काय करणार? माझ्यासमोर एक चष्मा लावलेली मुलगी होती, ती मालाडला एका कचेरीत टंकलेखिका होती. मी घड्याळाकडे पाहिले.

"होडी चुकेल म्हणून बघताय, की माझा चेहरा चुकवायला?" तिने विचारले.

"आपल्या चेहऱ्याला माझी हरकत नाही," मी म्हणालो.

"मग ठीक. मला लग्नच करायचं नाय. पण आई ऐकत नाय ना. तुम्ही मला नापसंत करून टाका. पण चष्म्यावरून नको. दुसरं काय तरी काढा."

मुलुंड डेपोंच्या कानाशी लागला होता. त्याचे शब्द मला ऐकू येत होते. "सरबत प्या, दोन प्रश्न विचारा, 'कळवतो' म्हणा आणि निघा. सगळे हेच करतात. म्हातारी पण खूश, घर पण राहील."

"पाच मुलींना 'कळवतो' म्हणून घरी बसवून ठेवायचं?" डेपो म्हणाले. "न येणारी गाडी मी कधी वेळापत्रकात दाखवलेली नाही."

"मग सांगणार काय?"

डेपोंनी छत्री बाकाला टेकवून ठेवली आणि ते मावशीच्या स्वयंपाकघराकडे गेले. मागे वळून त्यांनी मला बोलावले. साक्षीला कोणीतरी असावे, अशी त्यांची रीत होती. मी दारात उभा राहिलो.

मावशी परडीत फुगे भरत होती. "कुठची पसंत पडली?"

"मावशी, आमच्यापैकी कोणीच लग्न करणार नाही."

"का? आजार हाय?"

"नाही." त्यांनी घड्याळाला किल्ली द्यायला हात नेला आणि खाली घेतला. "आम्हांला बायका नकोत. ज्या पुरुषांना पुरुष आवडतात, तसे आम्ही आहोत. म्हणून इथे जमतो. गाणी ऐकतो हेही खरं आहे."

मावशीच्या हातातला फुगा हातातच राहिला. "सगळे?"

"सगळे."

"तो गोरा पण?"

"तो पण. आणि चौघांची लग्नं झालेली आहेत. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"त्यांच्या बायकांना ठाव हाय?"

"नाही."

तिने फुगा परडीत ठेवला. "ते वंगाळ," ती म्हणाली. "बाकीचं मला समजत नाय. पण ते वंगाळ." परडी बाजूला सारून ती म्हणाली, "तीन वर्सं मी मेणबत्त्या लावते. तुमी एक दिवस तरी सांगायचं."

डेपोंनी तिला वाट करून दिली. 

ती अंगणात गेली आणि मुलींच्या आयांना म्हणाली, "ह्या लोकांना लगीन करायचं नाय. त्यांनी मला सांगितलं नव्हतं असं नाय. मीच आपल्या मनाने ठरवलं. चूक माझी." मग व्हायोलिनवाल्याला म्हणाली, "तू कशाला थांबलास? पोरी नटून आल्यात. वाजव."

तेव्हा अंगणात नाच झाला. कोणी कोणाला पसंत करायचे नाही, हे एकदा ठरल्यावर मुली फार चांगल्या नाचल्या. टंकलेखिकेने बोरिवलीला टायला धरून ओढले. मावशी पायरीवर बसून पाहत होती. तिचा चेहरा कठोर होता. निघताना ती डेपोंना म्हणाली, "चार आयतवार येऊ नका. मला विचार करायचाय. पाचव्याला एकटे या."

ते चार रविवार मी घाटकोपरला काढले. वह्या तपासल्या. दोनच्या सुमाराला उठून उगाच बस थांब्यापर्यंत जाऊन येत असे. तिसऱ्या रविवारी थांब्यावर डेपो उभे होते. अंधेरीहून इतक्या लांब ते कशासाठी आले होते, ते त्यांनी सांगितले नाही. आम्ही शेजारी उभे राहून सहा बस जाऊ दिल्या.

"माझं चुकलं का?" त्यांनी विचारले.

"चालण्यात की सांगण्यात?"

"दोन्हींत."

"चालण्याला माझी लेखी हरकत होती," मी म्हणालो. "ती मी मागे घेतो."

त्यांनी खिशातून माझा तो कागद काढून मला परत दिला. सातवी बस त्यांची होती. ती चार मिनिटे उशिरा आली, पण त्यांनी ते नोंदवले नाही.

पाचव्या रविवारी ते एकटे मनोरीला गेले. त्या संध्याकाळी त्यांनी शाळेत फोन करून तिथेच राहणाऱ्या शिपायापाशी माझ्यासाठी निरोप ठेवला. निरोप एका ओळीचा होता. पुढच्या रविवारी दोनला नव्हे, बाराला. जेवायला.

मावशीच्या दोन अटी होत्या. पहिली, दिवसाढवळ्या तिच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या नाहीत. शेजारी विचारतात, घरात कोण मेले. दुसरी, लपून येणाऱ्यांना ती घर देणार नव्हती. जे येतील ते तिच्याकडे जेवतील आणि मग मागे जाऊन काय तो गोंधळ घालतील.

त्या रविवारी सतरा जण आलो. एकाची हिंमत झाली नाही, त्याचे नाव मी सांगत नाही. पडवीत दोन ओळींत चटया घातल्या होत्या. मावशीने स्वतः वाढायला घेतले. भात, आणि सुरमईचे लालभडक कालवण. मुलुंडला बायको आहे हे तिला कळले होते; त्याच्या ताटात तिने शेपटीचा तुकडा टाकला. मुलुंडने तो खाल्ला. पुढे कितीही वर्षे तो जेवायला आला तरी त्याला शेपटीच मिळत गेली. त्याने बायकोला सांगितले तेव्हा तुकडा बदलला, पण ते फार पुढे.

डेपोंनी बसण्याचा क्रम कागदावर आखून आणला होता. मावशीने तो त्यांच्या हातातून घेतला, उलटासुलटा पाहिला आणि चुलीत घातला. मग कमरेवर हात ठेवून ती आमच्या ओळींसमोर उभी राहिली, आणि मुलींच्या आयांना स्थळे दाखवताना तिची जी नजर मी पाहिली होती, तीच तिच्या डोळ्यांत परत आली.

"ह्यात कोण कोणाचा?" तिने विचारले.

दोन जोड्या होत्या. त्यांनी मान खाली घालून हात वर केले. "बरं. आन् बाकीचे?"

बाकीच्यांकडे पाहत ती सावकाश पुढे गेली. माझ्यापाशी थांबली. "मास्तर, तुमचं वय?"

"पस्तीस."

"पगार मला ठाव हाय." तिने ओळीच्या टोकाकडे पाहिले. तिथे चेंबूर नेहमीप्रमाणे कशाला तरी हसत होता. "उठा. तिथे जाऊन बसा."

मी डेपोंकडे पाहिले. त्यांनी वहीत काहीही न लिहिता पेनाला टोपण लावले. मी माझे ताट उचलले आणि चेंबूरच्या शेजारी जाऊन बसलो. सव्वीस वर्षे बसलो.